ओंबील: येऊरची जिवंत की केनियाच्या दगडातली?

भाची बीएस्सीच्या प्रकल्पासाठी ‘ओइकोफिला’ या प्रजातीवर येऊन ठेपली आहे. म्हणजे आपली ओंबील, आंब्याची पानं शिवून घरटं करणारी तांबडी मुंगी. कोकणात हिलाच हुमले म्हणतात. या प्रजातीत आज दोनच जाती जिवंत आहेत. नामशेष डझनाहून जास्त. तिचं अडलंय ते एवढंच, की जिवंत घ्यावी की जीवाश्म?

आफ्रिकेतली लॉन्जिनोडा लगेच बाद. ती ठाण्याच्या घोडबंदर रोडला भेटायची नाही.

उरली स्मॅरॅग्डिना. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७७५ साली दिलेल्या या नावात पाचू आहे. ऑस्ट्रेलियात तिचं पोट खरंच हिरवं असतं, आपल्याकडे मात्र विटकरी. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात तिचं बांधकाम बघत मी अर्धा तास उभी होते. एकीची कंबर दुसरीने धरायची, अशी साखळी करून पान ओढलं. मग आतून अळ्या आणल्या. रेशीम मोठ्यांकडे नसतंच. अळी जबड्यात धरून दोन पानांच्या कडांमधून धोट्यासारखी फिरवतात. सगळा धागा घराला जातो, अळीला स्वतःचा कोशही मिळत नाही.

जीवाश्मांत बाल्टिक अंबरमधली, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या राळेतली, ब्रिश्केई ही जाती देखणी, १८६८ पासून माहीत असलेली. पण अंबरातल्या एखाददुसऱ्या मुंगीवरून घरातला कारभार कळत नाही. लीकेयी या दुसऱ्या जीवाश्म जातीचं तसं नाही. केनियात, व्हिक्टोरिया सरोवरातल्या म्फांगानो बेटावर तिची वसाहतच सापडली, कामकरी, अळ्या, प्यूपे (अळी आणि मुंगी यांच्या मधली अवस्था) सगळं एकत्र. विल्सन आणि टेलर या मुंगी-अभ्यासकांनी १९६४ साली मोजमापं मांडली, तर कामकरी मुंग्या दोन मापांच्या निघाल्या, थोरल्या आणि धाकट्या. आजही तसंच आहे: थोरल्या ८ ते १० मिलिमीटर, धाकट्या साधारण निम्म्या. मापांची ही विभागणी मायोसीनपासूनची, म्हणजे लाखो वर्षं जुन्या भूशास्त्रीय काळापासूनची.

म्हणून भाचीला म्हटलं, मुंगी येऊरची घे, प्रश्न लीकेयीचा विचार: आपल्या वसाहतीतही मापं अशीच दोन गटांत पडतात का?

यात एक मेख आहे. खोडाला मोजपट्टी लावून फोटो काढले तर थोरल्याच सापडतील, कारण धाकट्या घरात पिल्लं सांभाळत बसतात. त्यात येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, तिथलं घरटं तोडायचं नाही. त्यापेक्षा पावसाळ्याआधी सोसायटीत फांद्यांची छाटणी होते, तेव्हा माळ्याला सांगून घरट्याची फांदी बाजूला ठेवून घ्यावी. पूर्ण बाह्यांचा शर्ट मात्र हवाच. नांगी नसली तरी चावलेल्या जागी त्या आम्ल सोडतात.