सेन्सर म्हणतो १७० डिग्री: 'पॅटर्न इनिट' आठ महिने वापरून

आमच्या लिनक्स बोर्डाच्या डेव्हलपमेंट बिल्डमध्ये आठ महिने एक सेटिंग चालू ठेवलंय. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेन्यूत त्याचं नाव 'इनिट स्टॅक ऑल पॅटर्न'. फंक्शनमध्ये व्हेरिएबल डिक्लेअर केलं आणि त्यात काही भरलं नाही, तर कम्पायलर स्वतःच त्यात ठरावीक कचरा भरून ठेवतो. आम्ही क्लँग हा कम्पायलर वापरतो, ६४-बिट आर्म प्रोसेसरवर. तिथे इंटिजरच्या प्रत्येक बाइटमध्ये हेक्स (सोळाच्या पायाच्या मोजणीतलं) एए येतं. काम एवढंच.

तिसऱ्याच दिवशी टेस्टिंगवाली येऊन म्हणाली, "अरे, तुझा बोर्ड मधूनच १७० डिग्री दाखवतोय, आणि हात लावला तर गार आहे." आयटूसीवरचा (चिप्स जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरचा) साधा टेम्परेचर सेन्सर, ड्रायव्हर मीच लिहिलेला, दोन वर्षं कुणाची तक्रार नाही. मी हार्डवेअरवाल्यांकडे बोट दाखवलं आणि जेवायला गेलो. पोळी-भाजी खाताना ट्यूब पेटली: १७० म्हणजेच हेक्समध्ये एए.

कोड उघडला. 'रेगमॅप रीड' या चिपचं रजिस्टर वाचणाऱ्या कर्नल फंक्शनला व्हेरिएबलचा पत्ता दिला होता, पण त्याने परत दिलेला एरर कोड मी बघितलाच नव्हता. सेन्सरने नॅक (बसवरचा नकार) दिला की रेगमॅप एरर घेऊन परत येतो, तुमच्या व्हेरिएबलला हात लावत नाही. मग दोन वर्षं हे लपलं कसं? तेच फंक्शन त्याच वाटेने पुन्हा पुन्हा कॉल व्हायचं, त्यामुळे स्टॅकवर (फंक्शनची व्हेरिएबल्स राहतात त्या मेमरीत) त्या जागी बहुधा मागचंच तापमान पडलेलं असायचं. ३४ च्या जागी ३४. शंका कुणाला येणार? कम्पायलरलाही आली नाही. पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला की तो धरून चालतो, भरलं असेल त्याने.

याच सेटिंगचा भाऊ म्हणजे 'ऑल झिरो', कचऱ्याऐवजी शून्य भरणारा. रिलीज बिल्डला आम्ही तोच लावतो, आणि तिथे तो योग्यच आहे: पॉइंटर भरायचा राहिला तर नलवर (शून्य पत्त्यावर) आपटतो, भलत्याच पत्त्यावर लिहीत सुटत नाही. पण टेबलावरच्या बोर्डाला शून्य लावू नका. माझ्या सेन्सरने ० डिग्री दाखवलं असतं, फॅन गुपचूप बंद राहिला असता आणि आम्ही एसीला दोष दिला असता.

दिसेल त्या व्हेरिएबलपुढे 'इक्वल टू झिरो' लिहायची सवय मात्र मला आता सहनच होत नाही. आमच्याच प्रोबमधलं (ड्रायव्हर सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमधलं) उदाहरण घ्या: डिव्हाइस ट्रीतल्या (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनातल्या) चाइल्ड नोडवर लूप, आतमध्ये 'रेट' (रिटर्न कोड) या व्हेरिएबलला व्हॅल्यू, शेवटी 'रिटर्न रेट'. नोड एकही नसेल तर कचरा परत जातो. स्मॅच, म्हणजे कोड न चालवताच तपासणारं टूल, लगेच ओरडतं: 'अनइनिशियलाइज्ड सिम्बॉल रेट'. कुणीतरी वर शून्य टाकलं आणि स्मॅच गप्प झालं. पण कर्नलमध्ये शून्य म्हणजे सक्सेस! एकही चॅनल नसलेला ड्रायव्हर 'झालं सगळं व्यवस्थित' सांगून लोड व्हायला लागला. तिथे 'ई नो डेव्ह', म्हणजे 'डिव्हाइसच नाही' हा एरर, हवा होता.

दुसरी सापडलेली गोष्ट पॅडिंगची, म्हणजे कम्पायलर फील्डांच्या मध्ये सोडतो त्या रिकाम्या बाइटांची. आयऑक्टलच्या (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला करायच्या कॉलच्या) स्ट्रक्टमध्ये आधी एक बाइटचा चॅनल नंबर, मग चार बाइटांची रीडिंग. युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममध्ये) त्याचे बाइट हेक्समध्ये छापून बघितले तर दोघांच्या मध्ये एए एए एए. म्हणजे इतके दिवस प्रत्येक कॉलला कर्नल स्टॅकवरचे तीन बाइट बाहेर जात होते. आता आधी मेमसेटने सगळं स्ट्रक्ट शून्य करतो.

मर्यादाही आहेत. हे फक्त स्टॅकपुरतं. के-मॅलॉकने मागून घेतलेल्या मेमरीला ते हात लावत नाही, तिथे शून्य भरून देणारं के-झेडॅलॉक किंवा बूट करताना 'इनिट ऑन अलॉक' हा पर्याय हवा. खरं हत्यार केएमसॅन, कर्नल चालू असताना न भरलेली मेमरी पकडणारं टूल, कर्नल ६.१ पासून आलेलं. न भरलेली व्हॅल्यू कुठे वापरली आणि ती मुळात कुठून आली, दोन्ही सांगतं. पण ते आर्मवर नाही, आणि शॅडो (काय भरलंय याची नोंद) व ओरिजिन (कुठून आलं याची नोंद) धरून मेमरी साधारण तिप्पट खातं. एक्स८६ क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या नकली मशीनवर) आयटूसी-स्टब ही खोटी चिप लावून ड्रायव्हर त्याच्याखाली चालवून बघितला. चाललं, पण रोज करायचं काम नव्हे.

आणि नॅक का येत होता? बसची तार वर खेचून धरणारा पुल-अप रेझिस्टर चुकीच्या व्हॅल्यूचा बसला होता. म्हणजे जेवायला जाताना दाखवलेलं बोट अगदीच चुकलं नव्हतं.