एनएसई की बीएसई? पहिला शेअर घेण्याआधी

डिमॅट खातं (शेअर जमा राहतात ते खातं) उघडलं, पैसे भरले, आणि शेअर घ्यायला गेलं की ॲपवर एनएसई आणि बीएसई अशी दोन शेअरबाजारांची नावं समोर येतात. "यातलं कुठलं दाबू?" खानापूर-निपाणीकडची ओळखीची पोरं मला हे हमखास विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: शेअर दोन्हीकडे मिळत असेल तर एनएसई.

कारण डोळ्यांनी बघता येतं. श्री रेणुका शुगर्स ही आपल्या बेळगावची कंपनी, तिचा शेअर दोन्ही बाजारांत आहे. बाजार चालू असताना दोन्ही भाव शेजारी लावा, फरक बहुतेक वेळा काही पैशांचाच दिसेल. आता 'मार्केट डेप्थ' उघडा. एका बाजूला घेणाऱ्यांचे पाच भाव, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे पाच, आणि प्रत्येकासमोर किती शेअर तो आकडा. एनएसईवर हे आकडे सहसा बरेच मोठे असतात. मार्केट यार्डात बटाट्याच्या सौद्याला दहा खरेदीदार उभे असले की भाव नीट निघतो. गावात एकटाच व्यापारी आला तर तो म्हणेल त्या दराला पोती द्यावी लागतात. शेअरचंही तसंच.

बीएसई 1875 ची, आशियातला सर्वांत जुना शेअरबाजार. बाजाराचा कल दाखवणारे निर्देशांक दोघांचे वेगळे: 30 कंपन्यांचा सेन्सेक्स तिचा, तर 50 कंपन्यांचा निफ्टी एनएसईचा. पण आपल्यासारख्या गावांसाठी मोठी गोष्ट घडली ती 1994 मध्ये. मुंबईत दलाल रिंगणात ओरडून सौदे करायचे, तेव्हा एनएसईने संगणकाच्या पडद्यावर शेअरचे व्यवहार सुरू केले आणि उपग्रहाच्या जाळ्याने मुंबईबाहेरचे दलाल जोडले. दूरच्या गावातल्या माणसालाही मुंबईचाच भाव त्याच क्षणी दिसू लागला. पुढच्याच वर्षी बीएसईही पडद्यावर आली.

बीएसईवर पाच हजारांहून जास्त कंपन्या आहेत, एनएसईवर त्याहून खूप कमी. फक्त बीएसईवर असलेल्या छोट्या कंपन्यांत नवख्याने जपून पाऊल टाकावं. मी अशीच एक घेतली होती, नात्यातल्या एकाच्या सांगण्यावरून. विकायला गेलो तर सलग चार दिवस लोअर सर्किट, म्हणजे भाव त्या दिवशीच्या घसरणीच्या मर्यादेला टेकलेला. घेणाऱ्यांच्या रकान्यात एकही आकडा नव्हता. पाचव्या दिवशी मिळेल त्या भावाला दिली. फक्त आपल्याकडेच असलेले असे शेअर बीएसई सहसा 'एक्स' गटात ठेवते, तेवढं अक्षर आधी बघा.

बाकी वेळ तीच, सव्वानऊ ते साडेतीन. बाजाराची सरकारी नियामक संस्था सेबी, तिची देखरेख दोन्हीवर, आणि शेअर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी डिमॅटमध्ये जमा होतो. सोन्या-चांदीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, एमसीएक्स या वेगळ्या बाजारात होतात, त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका. आणि ऑर्डर देताना 'मार्केट' (मिळेल त्या भावाला) नको, 'लिमिट' निवडून आपला भाव स्वतः लिहा.

एकदा खात्यात जमा झालेला शेअर कुठल्याही बाजारात विकता येतो, घेतला कुठेही असो. त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकायचा असेल तर मात्र बाजार तोच हवा. 24 फेब्रुवारी 2021 ला तांत्रिक बिघाडाने एनएसई सुमारे चार तास बंद पडली, बीएसई चालू होती. डिमॅटमध्ये शेअर असलेल्यांना त्या दिवशी विकायची वाट तिथून मोकळी होती.