पोटातला बँड: बारा वर्षं आणि शेवटचे आठ महिने

वजन कमी करायला जठराच्या वरच्या टोकाला बसवतात तो हा बँड, आत पाणी भरून घट्ट-सैल करता येणारं एक कडं. तो कसा बसवतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) किती लागतो, आधीचे पंधरा दिवस पातळ काय काय घ्यायचं, हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार. मी त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते नंतरच्या देखभालीबद्दल आणि त्यातही एका आकड्याबद्दल. तुमच्या बँडमध्ये आज किती मिली पाणी आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं, आणि त्यापायी मी आणि घरच्यांनी गेल्या सप्टेंबरात जे भोगलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये.

माझा बँड जानेवारी २०१३ चा. उंची पाच फूट दोन इंच, वजन ११८ किलो, शुगर नुकतीच सुरू झालेली. विमा कंपनीने हात वर केले, त्यामुळे पावणेतीन लाख खिशातून गेले. त्यातले दीड लाख पतपेढीच्या कर्जाचे, जे आम्ही चार वर्षं फेडत होतो. पैशाचं आधीच सांगते, कारण पुढे मी जे काही ठरवलं त्यात हे कर्ज होतंच.

पहिली दोन वर्षं मी या बँडला दहापैकी दहा दिले असते. ११८ वरून ८४ वर आले. विक्रोळीला जिना चढताना मध्ये थांबावं लागेना, गोळी निम्म्यावर आली. नियम अंगवळणी पडले: घास सुपारीएवढा, तोंडात पार लगदा होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी नाही. पाव जवळजवळ सुटलाच. मऊ पाव ओला झाला की त्याचा गोळा होतो आणि बँडच्या तोंडाशी अडकतो, हे एकदा सोसलं की वडापावच्या गाडीकडे बघायची हिंमत होत नाही. कोरडं चिकन, भाताचा मोठा घास, शेवग्याच्या शेंगेतले दोरे, हेही तसेच. एवढं सांभाळलं तर बँड चालतो. माझा नऊ-दहा वर्षं व्यवस्थित चालला.

चूक माझ्याकडून २०२२ मध्ये झाली. वजन ८४ वरून ८९ वर गेलं आणि मी घाबरले. ज्यांनी ऑपरेशन केलं ते सर्जन तोवर मुंबई सोडून गेले होते, म्हणून एका खाजगी क्लिनिकमध्ये जाऊन 'जरा घट्ट करून द्या' म्हटलं. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत पोर्टमध्ये (पाणी भरायची कातडीखालची डबी, नळीने बँडला जोडलेली) सुई टोचली, एक्स-रे स्क्रीन नाही, आधी किती आहे ते मोजणं नाही. 'एक मिली टाकतोय' म्हणाल्याचं मला आठवतं. बिलावर फक्त 'प्रोसिजर चार्जेस ४०००'. मिलीचा उल्लेख कुठेच नाही. चार हजार रुपये घेऊन चार अक्षरं लिहायला काय हरकत होती, याचा राग मला आजही येतो.

मागच्या वर्षी आषाढापासून रात्रीचा खोकला सुरू झाला. आडवं पडलं की घशाशी आंबट पाणी यायचं, दोन वाजता दचकून जाग यायची, उशी ओली. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली, मग खोकल्याचं औषध, मग छातीचा एक्स-रे. बँडचं त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही, इतकी तो पोटात आहे याची सवय झाली होती. बँडवाल्यांनी हे पाठ करून ठेवा: रात्री खोकला आणि झोपेत घशाशी अन्न किंवा पाणी येणं म्हणजे बँड जास्त घट्ट झालाय किंवा जागचा हललाय, असं धरूनच आधी तपासायचं. ॲसिडिटीची गोळी चालू ठेवून मी दोन महिने वाया घालवले.

गौरीजेवणाच्या दिवशी घावन-घाटलं होतं. घावनाचा दुसराच घास अडकला. आधी छातीच्या मधोमध दाब, मग तोंडाला फेसासारखी लाळ, थांबेचना. नेहमी अर्ध्या तासात सुटतं, म्हणून मोरीपाशी बसून राहिले. संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही परत येऊ लागला. दुसऱ्या दिवशी जवळच्या नर्सिंग होममध्ये सलाइन लावलं, तिसऱ्या दिवशी एका मोठ्या खाजगी रुग्णालयात गेलो. तिथे सीटी स्कॅन झाला आणि मग समोर कागद ठेवला: बँड काढायचा, बरं वाटल्यावर स्लीव्ह (जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन) करायची, दोन्ही मिळून अंदाजे पावणेपाच लाख. मी म्हटलं, आत्ता फक्त बँडमधलं पाणी काढा, मला थुंकी गिळता येत नाहीये. तर म्हणाले, पोर्टला लागणारी खास सुई आमच्याकडे नाही आणि दुसऱ्यांनी बसवलेल्या बँडला आम्ही हात लावत नाही. अडीच तास आम्ही त्या लॉबीत बसून होतो. कर्ज फेडलेल्या दिवशी नवऱ्याने पेढे आणले होते, तो दिवस मला सारखा आठवत होता.

त्याच दुपारी पालिकेच्या रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला, सर्जरीच्या रेसिडेंट डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'ताई, किती दिवस उलट्या?' मी म्हटलं, तीन दिवस काहीच खाली जात नाही, त्याआधी दोन महिने रोज रात्री. लगेच सिस्टरना म्हणाल्या, 'आधी बी-वन द्या, मग ग्लुकोज लावा.' मला नंतर समजावलं: बरेच दिवस उलट्या झाल्या की शरीरातलं बी-१ म्हणजे थायमिन संपत आलेलं असतं, तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. नर्सिंग होममध्ये मला नुसतं ग्लुकोजच लावलं होतं. कुणाच्या घरात बँडचा, स्लीव्हचा किंवा जठराच्या बायपासचा पेशंट असेल, त्याला उलट्या होत असतील आणि सलाइन लावायची वेळ आली, तर हे विचारा. लाज धरू नका.

सुई त्यांच्याकडेही नव्हती. पण कुठे मिळेल ते मॅडमना ठाऊक होतं. तिला ह्युबर सुई म्हणतात. तिचं टोक असं वळवलेलं असतं की पोर्टच्या रबरासारख्या पडद्याचा तुकडा पडत नाही. साध्या सुईने पडद्याला भोक राहतं आणि बँड गळायला लागतो. केमोथेरपीच्या पोर्टलाही हीच जातीची सुई लागते. मिस्टर परळला गेले, टाटा रुग्णालयाच्या आसपास सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, तिथून दोन सुया घेऊन आले. एकीला चारशेच्या आत पडले. ज्या सुईसाठी मला लाखांचा कागद दाखवला, ती चारशे रुपयांची. (कुणी स्वतः टोचून बघू नका. सुई आणून द्यायची, टोचायचं काम सर्जनचंच.)

मला पाठीवर झोपवून मॅडम म्हणाल्या, 'मान उचला.' मान उचलली की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि पोर्ट हाताला लागतो. त्यांनी दोन बोटांत तो धरला, बेंबीच्या डावीकडे वर, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. सुई गेली, जरा टचकन् लागलं, आणि सिरिंजचा दट्ट्या आपोआप मागे सरकू लागला. मी ते पाहत होते. स्वच्छ, पाण्यासारखं. पाच, साडेपाच, ५.८ ला थांबलं. मग त्यांनी मला उठून बसवलं आणि कागदी कपात पाणी दिलं. पाणी खाली गेलं. तीन दिवसांनी पहिल्यांदा. मी रडले, सिस्टरनी पाठीवर हात ठेवला. केसपेपर, एक्स-रे, इंजेक्शन सगळं धरून पाचशेसुद्धा झाले नाहीत.

मग मॅडमनी विचारलं, 'होतं किती?' आणि मला उत्तर देता येईना.

हा आकडा का लागतो ते सांगते. सहा होतं आणि ५.८ निघालं, तर सगळं निघालं, बँड रिकामा आहे आणि कुठे गळत नाही. इतक्या वर्षांत थोडं कमी होणं चालतं. पण नऊ होतं आणि ५.८ च निघालं, तर एक तर नळी गळतेय किंवा बँड अजून पुरता सैल झालेला नाही. दोन्ही वेळा पुढचं सगळं बदलतं. म्हणून ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे फाइल मागायला गेले. रेकॉर्ड रूममधल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, एवढं जुनं ठेवत नाही. मी भांडले. नंतर वाचलं की मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे असतात आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणजे नियमाने ते चुकले नव्हते. पण वस्तू आयुष्यभर पोटात आणि तिचे कागद तीन वर्षं, हे मला अजून पटत नाही. डिस्चार्जच्या वेळी बँडचं मॉडेल, त्यात जास्तीत जास्त किती मिली मावतं आणि इम्प्लांटचं स्टिकर, हे लेखी मागून घ्या. मी मागितलं नव्हतं.

आकडा मिळाला तो आमच्या पोटमाळ्यावर. आमच्या सासूबाई, आई म्हणायचो आम्ही, २०२१ मध्ये गेल्या. त्या जुनी कालनिर्णयं टाकत नसत, मागच्या पाककृतींसाठी ठेवत. प्रत्येक चौकोनात त्यांचं बारीक अक्षर: 'दूध १ ली. कमी', 'सिलिंडर लावला', आणि मार्च २०१३ च्या एका चौकोनात, 'सुनेला सुई, ३'. मी खाली बसून सगळी पानं उलटली. एप्रिलमध्ये १. जूनमध्ये १. मग २०१४ च्या दिवाळीनंतर अर्धा, २०१६ मध्ये 'अर्धा काढला, उलटी', २०१८ मध्ये परत अर्धा. मी घरी येऊन डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना सांगायचे आणि त्या चष्मा लावून लिहायच्या, हे मी विसरूनच गेले होते. बेरीज साडेपाच. त्यात २०२२ चा कथित एक धरला तर साडेसहा. क्लिनिकवाल्यांनी खरं किती टाकलं ते कळायला मार्ग नाही. मॅडमनी ते पान मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाल्या, 'हे फाइलला लावा.' आज माझ्या फाइलमध्ये पहिला कागद त्या कालनिर्णयाची झेरॉक्स आहे.

नंतरचं थोडक्यात. आठवड्याने बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध) पाजून एक्स-रे काढला: बँडच्या वरचा जठराचा कप्पा फुगलेला, अन्ननलिकाही जरा रुंद. बँड सुदैवाने घसरलेला नव्हता. घसरला असता तर ऑपरेशनच. ऑक्टोबरात एंडोस्कोपी झाली, बँड जठराच्या भिंतीत घुसला आहे का ते पाहायला. घुसलेला नव्हता. (पोर्टच्या जागी वर्षांनंतर अचानक लाली किंवा पू आला, तर नुसत्या मलमावर राहू नका, आतल्या घुसण्याची ती खूण असू शकते.) डिसेंबरापर्यंत बँड पूर्ण रिकामा ठेवला. भूक अशी परत आली की मी हादरले. ८८ ची ९६ झाले. नोव्हेंबरच्या बेरियममध्ये कप्पा मूळ आकारावर आलेला दिसला, तेव्हा डिसेंबरात २ मिली, जानेवारीत १, मार्चमध्ये अर्धा, आणि आता मेमध्ये अर्धा. प्रत्येक वेळी स्क्रीनवर बघून, आणि प्रत्येक वेळी माझ्यासमोर आकडा लिहून. आज ४ मिली, वजन ९१. रात्रीचा खोकला पूर्ण बंद आहे.

इथे मला माझंच एक मत बदलावं लागतंय. सप्टेंबरात मी त्या खाजगी रुग्णालयाला मनातून लुटारू म्हटलं होतं. तीन दिवस पाणी न गिळलेल्या बाईला सुईशिवाय परत पाठवणं, याला माफी नाही. पण 'बँड काढा' हा सल्ला चुकीचा होता असं आता म्हणवत नाही. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेली ही वस्तू आता तिकडे आणि इकडे दोन्हीकडे मागे पडली आहे. बसवलेल्या बऱ्याच लोकांना ती पुढे काढावी लागली आहे, आणि सर्जन स्लीव्ह किंवा बायपासकडे वळले आहेत. पालिकेतले मोठे सर मला हेच म्हणाले, फक्त घाई न करता: 'पुन्हा कप्पा फुगला तर मात्र काढू.' स्लीव्हमध्ये जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग कापून जातो, तो परत मिळत नाही. बँड निदान सैल करता येतो. म्हणून मी अजून धरून आहे. त्यात पतपेढीच्या त्या चार वर्षांचा मोह किती आणि वैद्यकीय कारण किती, याचा विचार मी अजून करतेय.

नवीन कुणाला मी आज बँड सुचवणार नाही. आधीच ज्यांच्या पोटात आहे, त्यांनी बरं वाटत असलं तरी वर्षातून एकदा दाखवून यावं, बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व तपासावं, आणि घराजवळ पाणी काढून देणारा सर्जन कोण आहे हे आजच शोधून ठेवावं. अडकल्यावर शोधायला बळ उरत नाही. विक्रोळी ते मुलुंड पट्ट्यात कुणाला लागलं तर मला विचारा, ओपीडीचा वार आणि सुईचं दुकान दोन्ही सांगते.

पुढची तारीख जूनमधली. पोर्ट थोडा तिरका लागतोय असं सर म्हणाले, तेव्हा या वेळी एक्स-रे आधी आणि सुई नंतर. या वर्षीचं कालनिर्णय स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी आहे, मेच्या चौकोनात मी लिहून ठेवलंय: 'सुई, ०.५. एकूण ४.' मुलीलाही दाखवून ठेवलंय.