सुरीच्या मुठीला जवसाचं तेल : आठ महिन्यांनंतर

मूठ हाताला चिकटते. पात्याची धार, मुठीचा रंग, लाकडाच्या रेषा, सगळं छान. पण सुरी खाली ठेवताना तळव्याला जो किंचित 'चट्ट' आवाज येतो ना, त्याने आठ महिने माझं डोकं फिरवलंय.

सुरुवात चुकीचीच होती. पैसे वाचवायचे म्हणून स्वयंपाकघरातलं सूर्यफुलाचं तेल चोळलं. हे तेल धड सुकत नाही, धड ओलंही राहत नाही. दोन महिन्यांत मुठीवर खवट वासाचा पिवळट राप बसला. दुसऱ्या सुरीला खोबरेल लावलं होतं. ते चिकटलं नाही, पण सुकणाऱ्यातलंही नाही. थंडीत रिव्हेटच्या कडेने पांढरं थिजून बसायचं.

मग जवसाचं आणलं. कच्चंच घेतलं, कारण 'उकळलेलं' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेकदा लवकर सुकावं म्हणून कोबाल्ट, मँगनीजची संयुगं घातलेली असतात. ती मला भाजी चिरायच्या सुरीवर नकोत. पहिला हात सढळपणे दिला. तीन आठवडे झाले तरी मूठ चिकटच! इथवरचा माझा निकाल : जवस बेकार.

हा निकाल मागे घेतो. दोष तेलाचा नव्हता, माझ्या सढळ हाताचा होता. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थर जाड असला की वर साय धरते आणि आत तसंच ओलं राहतं. टर्पेंटाइनने राप काढला (त्याआधी थेट सँडपेपर मारला, तर तो दोन मिनिटांत बुजला), मग ४०० नंबरचा कागद फिरवला. आता चार थेंब लावायचे, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसायचं, इतकं की लावलं होतं की नाही अशी शंका यावी. पुढचा हात आठवड्याने. असे चार हात झाल्यावर पाण्याचा थेंब मुठीवर गोळा होऊन राहतो आणि आवाजही गेला.

ते फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मी उघड्यावर पसरून वाळवतो.

एवढी वाट बघायची नसेल तर मिनरल ऑइल. खवट होत नाही, चिकटत नाही; धुण्याने निघून जातं म्हणून महिन्या-दीड महिन्याने परत लावावं लागतं, एवढंच. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन म्हणजे तेच. साधं, वास नसलेलं बघून घ्यायचं. छोट्या सुरीला आता तेच लावतो. बाटलीवर 'बद्धकोष्ठतेसाठी' असं छापलेलं असल्यामुळे घरात रोज माझ्या पोटाची चौकशी होते.