‘प्लास्टिक प्रायमर मारला आहे’ असे सांगून झालेली फसवणूक

गाडीच्या चाकांवरचे काळे प्लास्टिकचे क्लॅडिंग, पुढची ग्रिल आणि आरशांची कव्हरे रंगवून देण्याच्या कामात पुण्यातील एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजने माझी फसवणूक केली. तक्रार अद्याप प्रलंबित असल्यामुळे गॅरेजचे नाव येथे देत नाही. मात्र फसवणुकीची रीत सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण ज्या थरासाठी जास्तीचे पैसे घेतले गेले तो थर पारदर्शक असतो आणि वर रंग चढला की तो मारला होता की नाही हे कोणत्याही ग्राहकाला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

बिलावर तीन बाबी स्वतंत्र लिहिलेल्या होत्या: सर्व भाग काढून पुन्हा बसवण्याची मजुरी, रंग धरून ठेवणारा प्लास्टिक प्रायमर म्हणजेच अ‍ॅढिजन प्रमोटर, आणि हार्डनर म्हणजे रंग पक्का करणारे रसायन मिसळलेला टू-के (दोन घटकांचा) क्लिअर कोट, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक थर. यांपैकी एकही गोष्ट झालेली नव्हती. गाडी ताब्यात घेताना काम देखणे दिसत होते. पुढे वॉशिंग सेंटरवर पाण्याचा झोत लागताच मागच्या चाकावरच्या क्लॅडिंगची कड सुटली, आणि नखाने जरा उचलताच रंगाची लांब पट्टी सलग निघून आली. त्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूवर प्लास्टिकची मूळ दाणेदार नक्षी जशीच्या तशी उमटलेली होती. खाली उघडे पडलेले प्लास्टिक कारखान्यातून आले तसेच होते. त्यावर पॉलिश पेपरचा एक ओरखडाही नव्हता, आणि पांढरे फडके फिरवले तेव्हा पूर्वी लावलेल्या डॅशबोर्ड पॉलिशचा ओशटपणा फडक्यावर आला. याचा अर्थ असा की रंगापूर्वी हा भाग ना घासला गेला होता, ना नीट पुसला गेला होता.

गॅरेजमालकाने दिलेले उत्तर ऐकायला पटण्यासारखे होते आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. आरशांच्या कव्हरांवरचा रंग जागचा हललेला नाही, म्हणजे काम व्यवस्थित झाले आहे आणि दोष वॉशिंग सेंटरच्या झोताचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चाकणच्या एका कारखान्यात बंपर रंगवण्याच्या विभागात काम केलेल्या माझ्या शेजाऱ्यांनी क्लॅडिंग काढून त्याची मागची बाजू दाखवली, तेव्हा या युक्तिवादातील खोट उघड झाली. क्लॅडिंगच्या मागे ‘पीपी+ईपीडीएम-टीडी२०’ असा शिक्का होता, तर आरशाच्या कव्हराच्या आत ‘एबीएस’ या वेगळ्या जातीच्या प्लास्टिकचा. पहिले म्हणजे रबर मिसळलेले आणि २० टक्के शंखजिऱ्याची भुकटी घातलेले पॉलिप्रॉपिलीन. त्याची पृष्ठऊर्जा सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर इतकी कमी असते, त्यामुळे त्यावर रंग नीट पसरत नाही आणि त्याला पकडही मिळत नाही. एबीएसची पृष्ठऊर्जा ४० च्या आसपास असते आणि रंगातील थिनर त्याचा पृष्ठभाग किंचित मऊ करतो, त्यामुळे त्यावर साधा रंगही बऱ्यापैकी बसतो. म्हणून आरशांवरचा रंग टिकल्याने क्लॅडिंगबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कारखान्यात पॉलिप्रॉपिलीनचे बंपर रंगवण्यापूर्वी ज्योतीची आच दिली जाते किंवा क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा (पॉलिप्रॉपिलीनच्याच कुळातील, त्याला धरून राहणाऱ्या रसायनाचा) पातळ थर मारला जातो; बाजारात डब्यातून मिळणारा प्रमोटर बहुधा याच दुसऱ्या प्रकारचा असतो.

क्लिअर कोटचा दावा तपासणे तर त्याहून सोपे निघाले. गळून पडलेला एक पापुद्रा शेजाऱ्यांनी स्टीलच्या वाटीत थिनरमध्ये टाकला. हार्डनरने पक्का झालेला टू-के थर थिनरमध्ये फुगतो, सुरकुततो, पण विरघळत नाही. खालचा काळा रंग निघून गेला तरी वरचा पारदर्शक पापुद्रा उरायला हवा होता. आमच्या वाटीत थोड्याच वेळात नुसता काळा गाळ उरला. भाग काढून रंगवल्याचा दावाही टिकला नाही, कारण क्लॅडिंगच्या कडेला मास्किंग टेपची सरळ रेघ स्पष्ट दिसत होती आणि तिच्या पलीकडे, आत वळलेल्या भागावर, रंगच नव्हता.

असे काम कोणाला करून घ्यायचे असेल, तर ट्रिमचे भाग गाडीवरून काढल्यावर गॅरेजमध्ये जाऊन मागचा शिक्का स्वतः वाचावा आणि त्याचा फोटो ठेवावा. शिक्क्यात पीपी असेल, तर प्रमोटरचा डबा समोर उघडायला सांगावा आणि तो मारला जात असताना तेथे उभे राहावे. साबणाने धुणे, सिलिकॉन व मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसणे, करड्या स्कॉच-ब्राइटने घासून चमक घालवणे आणि पुन्हा पुसणे हे सारे त्याआधी व्हायला हवे, आणि प्रमोटरनंतरचा रंग डब्यावर लिहिलेल्या मुदतीतच चढायला हवा. माझ्या मते सर्वांत उपयोगी अट म्हणजे त्याच प्लास्टिकचा एक तुटका तुकडा सोबत देऊन तोही त्याच वेळी, त्याच पद्धतीने रंगवून मागणे. रंग पूर्ण वाळल्यावर त्या तुकड्यावर धारदार पात्याने २ मिलिमीटर अंतराने सहा उभे आणि सहा आडवे छेद द्यावेत, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि ओढावी. आयएसओ २४०९ या मानकातील चाचणी मूलतः हीच आहे. चौकोनच्या चौकोन पट्टीला चिकटून आले, तर बाकीचे पैसे देऊ नयेत. जो कारागीर खरोखर प्रमोटर वापरतो, त्याला या अटीची अडचण वाटण्याचे कारण नाही.

फसवणूक झालीच असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर प्रथम तक्रार नोंदवता येते. तेथे तडजोड झाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क पडत नाही. गॅरेजने मला ‘पुन्हा मोफत मारून देतो’ असे सांगितले होते, परंतु त्यासाठी जुना रंग पूर्ण खरवडावा लागणार होता आणि त्यासोबत पुरावाही गेला असता. म्हणून एका चाकावरचे क्लॅडिंग आहे त्या स्थितीत काढून ठेवले आहे, गळालेले पापुद्रे पाकिटात बिलासोबत जपले आहेत, आणि उरलेले भाग दुसरीकडे, प्रमोटरचा डबा समोर उघडून घेऊन, रंगवून घेतले आहेत.