अंधांसाठी काम सुरू करायचंय: वसतिगृह बांधावं की गावोगाव फिरावं?

विदर्भातल्या एखाद्या तालुक्यात दृष्टिहीनांसाठी काम करायचं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा इमारत असते. कुणीतरी दोन एकर जमीन द्यायला तयार असतं. मुलं राहतील, ब्रेल शिकतील, पेटी-तबला शिकतील, असं चित्र डोळ्यासमोर असतं. दुसरा मार्ग चटकन सुचत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं: दोन-तीन कार्यकर्ते, दुचाक्या आणि पन्नास-साठ गावं. निर्णय घ्यायच्या आधी हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसं थोडी आणि पैसा बेताचा असेल तर सुरुवात गावोगावच्या कामानं करा. पण काही बाबतींत वसतिगृह खरोखरच सरस आहे आणि त्या बाबी लहान नाहीत, तेव्हा त्यांचंही सविस्तर बोलू.

तुमच्या तालुक्यातले दृष्टिहीन कोण आहेत?

2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातलं अंधत्वाचं प्रमाण 0.36 टक्के निघालं. ही सरासरी धरली तर दोन हजार वस्तीच्या गावात सातेक जण, लाखभर लोकसंख्येच्या तालुक्यात साडेतीनशेच्या वर. त्याच पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या लोकांत हे प्रमाण जवळजवळ 2 टक्के होतं आणि त्यांच्यातल्या अंधत्वाचं कारण 66.2 टक्के वेळा मोतीबिंदू होतं.

म्हणजे तुम्ही ज्यांच्यासाठी संस्था काढताय, त्यांतले बहुतेक जण शाळेच्या वयाचे नाहीतच. ओसरीत बाजेवर बसून राहणारी आजी, वावरात जाणं बंद झालेले आजोबा, ही ती माणसं. वसतिगृहाचं दार त्यांच्यासाठी कधीच उघडत नाही. गावात फिरणारा कार्यकर्ता मात्र पहिल्याच फेरीत त्यांच्यापर्यंत पोचतो. त्याला यंत्र लागत नाही. म्हाताऱ्याला अंगणातल्या उजेडात बसवायचं, एक डोळा तळहातानं झाकायला सांगायचं, तीन मीटरवर उभं राहून बोटं दाखवायची. चष्मा असेल तर चष्मा लावून. दोन्हींपैकी एकाही डोळ्यानं बोटं मोजता आली नाहीत तर नाव वहीत. डॉक्टरांची तपासणी नंतर होईलच, पण तिथपर्यंत नेण्याची यादी इथे तयार होते.

खरं काम यादीनंतर सुरू होतं. "अजून पिकला नाही" म्हणून मोतीबिंदू घेऊन वर्षानुवर्षं बसून राहणारी माणसं आजही भेटतात, आणि पिकायची वाट पाहायची गरज उरलेली नाही हे त्यांना कुणी घरी येऊन सांगितलेलं नसतं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शस्त्रक्रिया मोफत होते. जिल्हा रुग्णालय आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपुरात मोठी रुग्णालयं आहेत. अडतं ते वेगळ्याच गोष्टींवर: सोबत कोण जाणार, कापूस वेचणीच्या दिवसांत सून घरी थांबणार का, नंतरचे थेंब वेळेवर कोण घालणार. ही गाठ गावात बसूनच सुटते.

याच फेरीत कधी तान्ह्या बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसते. ती जन्मजात मोतीबिंदूची असू शकते, क्वचित डोळ्यातल्या कर्करोगाचीही. दोन्हींत वेळ दवडून चालत नाही. अंगणवाडीताई आणि आशाताई यांना एवढी एक खूण शिकवली तरी तुमच्या संस्थेनं मोठं काम केलं असं मी म्हणेन.

ब्रेलच्या बाबतीत वसतिगृहाला तोड नाही

ज्याची दृष्टी परत येणार नाही अशा मुलाचा विचार करताना पारडं फिरतं. ब्रेल ही सहा उठावाच्या टिंबांची लिपी पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायची असते आणि कागद उलटवून डावीकडून उजवीकडे वाचायची असते. बोटांच्या टोकांना ते वळण लागायला रोजचा सराव लागतो. आठवड्यातून एकदा येणारा शिक्षक, तोही पावसाळ्यात नाल्याला पूर आला की न येणारा, हे शिकवू शकत नाही. गणितासाठी टेलर फ्रेम (अंकांच्या खुंट्या बसवायची पाटी), नकाशासाठी उठावाची चित्रं, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला प्रशिक्षित विशेष शिक्षक, हे सगळं एका छताखाली असलं तरच परवडतं.

गावच्या शाळेत असं मूल ऐकून ऐकून पुढे सरकत राहतं. पाठांतर चांगलं असतं, गुरुजी कौतुक करतात, आणि आठवीपर्यंत त्याला स्वतःचं नावही लिहिता येत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक मोबाइलवर आहे, संगणकासाठी तसंच एनव्हीडीए फुकट मिळतं, पण ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. शुद्धलेखन कानानं येत नाही.

आणखी एक गोष्ट वसतिगृहच देऊ शकतं, ती म्हणजे सोबत. गावातलं एकटं अंध मूल आपल्यासारखं जगात दुसरं कुणी नाही असं धरून वाढतं. वसतिगृहात त्याला त्याच्यासारखीच भांडणारी, पळणारी, खोड्या काढणारी मुलं भेटतात.

ज्याला घरच नाही त्याच्यासाठी तर दुसरा पर्यायच नसतो. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आसरा दिला. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. असं मूल दर आठवड्याच्या गृहभेटीवर मोठं होत नाही.

पण यावरून नवीन वसतिगृह बांधायलाच हवं असं ठरत नाही. अमरावतीला डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे, नागपूरला अंध विद्यालय आहे, वरोऱ्याजवळ आनंदवनात आहे. एका तालुक्यात शाळेच्या वयाची पूर्ण अंध मुलं इतकी थोडी सापडतात की इयत्तेनुसार वर्गही भरत नाहीत. आधी या शाळांत जा, जागा आहेत का विचारा, प्रवेशाच्या अटी समजून घ्या. मुलाला तिथपर्यंत पोचवणं, दिवाळीला आणणं, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी त्याचा सराव मोडू न देणं, एवढं तुमच्या संस्थेनं केलं तर त्याला ब्रेल मिळतं आणि तुम्हाला भिंती बांधाव्या लागत नाहीत.

अर्थात मूल पाठवायला माय तयार झाली पाहिजे. "माह्या पोराले कायले नेता? मी हाओ ना त्याले पाह्याले," हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. तिचं चुकत नाही. तिनं त्याला उचलून मोठं केलेलं असतं आणि तुम्ही दोन तासांपूर्वी आलेले असता. अमरावती भागात मी प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचा विषय काढतो. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या त्या माणसानं शंभराहून जास्त ग्रंथ रचले हे तिला माहीत असतं, फक्त आपल्या पोराशी त्याचा संबंध लागलेला नसतो. धारणी-चिखलदऱ्याचं कोरकू मूल किंवा भामरागडचं माडिया मूल असेल तर अडचण दुप्पट होते. शहरातल्या वसतिगृहात त्याची भाषा कळणारं कुणी नसतं. तिथे सहा-सात वर्षांच्या मुलाला लगेच पाठवण्यापेक्षा दोन वर्षं घरी तयारी करून घ्यावी.

गावात परत आल्यावर

वसतिगृहाबद्दल माझी सर्वांत मोठी काळजी इथे आहे. तिथल्या व्हरांड्यात बिनधास्त पळणारा मुलगा अठराव्या वर्षी गावी येतो आणि घरापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकटा जाऊ शकत नाही. फरशीवर शिकलेली काठी काळ्या मातीत चालत नाही. पहिला पाऊस पडला की चिखल काठीच्या टोकाला गोळा होतो, दहा पावलांत काठी जड होते आणि जमिनीचा आवाजच कळेनासा होतो. गावात शिकवलं तर उपाय सापडतात: पावसाळ्यापुरती साधी बारीक टोकाची बांबूची काठी, टोक पुसायला खिशात फडकं, आणि रस्त्याच्या खुणा कानाला-पायाला पाठ. पिठाच्या गिरणीचा आवाज उजव्या कानाला आला की वळायचं, निंबाची सावली अंगावर आली की हापशी चार पावलांवर, सिमेंटचा रस्ता संपला की मंदिराची पायरी. घरातून संडासापर्यंत दोर बांधून दिला की म्हातारीला रात्री सुनेला उठवावं लागत नाही. ही शिकवण त्या गावातच, त्याच रस्त्यावर द्यावी लागते.

कागदांचंही तसंच. स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, एसटीची सवलत, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी. हा निधी ग्रामसभेत उठून विचारणारा असला की मार्गी लागतो. बँकेत अंध खातेदाराला एटीएम कार्ड किंवा चेकबुक नाकारलं तर रिझर्व्ह बँकेचं 2008 चं परिपत्रक दाखवायचं. या सुविधा अंध खातेदारांना नाकारता येत नाहीत असं त्यात स्पष्ट आहे.

आणि जमीन. बाप गेल्यावर वारस नोंद होताना आंधळ्या भावाचं नाव सातबाऱ्यावर लागलं का, हे वसतिगृहात बसून कळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 13 वारसाहक्क आणि मालमत्तेचा हक्क इतरांइतकाच देतं. भाऊ वाईट असतात असं नाही. "त्याले आमीच पोसतो, त्याले कायले पाह्यजे वावर" असं ते मनापासून बोलतात. पण भावजयीशी बिनसलं की नाव नसलेल्या माणसाला जायला जागा राहत नाही. फेरफाराच्या वेळी कार्यकर्त्यानं त्याच्यासोबत तलाठ्याकडे जाणं हे मला शिलाई मशीन वाटण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पैसा कुणाला मिळतो आणि कशाला लागतो

वसतिगृहाला देणगी मिळणं सोपं आहे. वाढदिवसाचं जेवण, आईवडिलांच्या तिथीचं अन्नदान, खोलीवर नावाची पाटी, कंपनीच्या सामाजिक निधीतून बांधकाम. विदर्भात कोळसा, मँगनीज, वीज यांच्या मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात. अडचण अशी की इमारत एकदाच बांधून होते आणि स्वयंपाकीण, अधीक्षक, रात्रीची काळजीवाहक, औषधं, वीजबिल दर महिन्याला उभे राहतात. अनुदान मिळेल हे धरून वसतिगृह सुरू करू नका. ते मंजूर होणं आणि हातात पडणं यांत फार अंतर असतं, आणि मुलांना रोज जेवायचं असतं. वाढदिवसाच्या जेवणाबद्दल एक अट मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: जेवणाआधी मुलांना रांगेत बसवून गाणी म्हणायला लावायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत.

गावोगावच्या कामाला उलट आहे. खर्च कमी, पण देणगी मागताना दाखवायला काही नाही. पेट्रोल आणि पगार यांवर नावाची पाटी लावता येत नाही. इथे तालुक्याच्या गावातले व्यापारी, निवृत्त शिक्षक, डॉक्टर यांच्याकडून दर महिन्याची छोटी रक्कम बांधून घ्यावी लागते, आणि ज्या आजीला दिसायला लागलं तिच्या घरी देणगीदाराला एकदा चहाला न्यावं लागतं. चांगला कार्यकर्ता तीन वर्षांत सोडून जातो हीही या मार्गाची दुखरी जागा आहे. म्हणून प्रत्येक घराची नोंद त्याच्या डोक्यात नाही, वहीत हवी.

नोंदणीचा भाग दोन्हींना जवळजवळ सारखा. सात जणांची सोसायटी, त्यासोबत धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंद, वेळेवर हिशेब तपासणी, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज. संस्थेच्या आणि देणगीदारांच्या करसवलतीसाठी आयकर खात्याकडची नोंद, कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी सीएसआर-1 हा अर्ज. दिव्यांगांचं शिक्षण, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन करणाऱ्या संस्थेला 2016 च्या कायद्याखाली नोंदणी प्रमाणपत्रही लागतं, इमारत असो वा नसो. मुलं मुक्कामाला ठेवणार असाल तर जबाबदारी एकदम वाढते. मुलींच्या बाजूला रात्री स्त्री काळजीवाहक नसेल तर एकाही मुलीला प्रवेश देऊ नका, कितीही कळकळीनं विनंती आली तरी. अंध मुलीला कुणाचा हात लागला हे दिसत नाही, आणि सांगायला ज्याच्यावर भरवसा आहे असं माणूस तिला जवळ लागतं. गृहभेटीतही कार्यकर्त्यानं एकट्यानं जाऊ नये. गावातली आशाताई सोबत घ्यावी.

मधला एक मार्ग

तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडजवळ भाड्याची एक खोली घ्या आणि ती आठवडी बाजाराच्या दिवशी उघडा. त्या दिवशी सगळ्या गावांतून एसटी आणि काळीपिवळी भरून येते, घरचं कुणीतरी येतंच, त्याच्यासोबत अंध माणूसही येऊ शकतो. खोलीत ब्रेल पाट्या, मोबाइल शिकवणारा एक दृष्टिहीन तरुण आणि अर्ज भरून देणारा एक माणूस एवढं पुरेसं आहे. उशिरा दृष्टी गेलेल्या चाळिशीच्या माणसांना इथे फार उपयोग होतो. ती वसतिगृहात जाणार नाहीत आणि घरी एकटी खंगत असतात. शेळीपालन करणारा, किराणा चालवणारा, भजनात पेटी वाजवणारा दुसरा अंध माणूस त्यांना इथेच भेटतो. संस्थेच्या कार्यकारिणीतही अशा दोघा-तिघांना घ्या, नुसतं नावापुरतं नाही, सहीच्या अधिकारासकट.

तालुका पालथा घातल्यावर पाठवायला जागा नसलेली, बेवारस किंवा दुर्गम वस्तीतली पंधरा-वीस मुलं वहीत निघाली आणि जवळच्या अंध शाळांनी जागा नाही म्हटलं, तर वसतिगृह जरूर काढा. तोवर जमीन देऊ करणाऱ्याला सांगा की जमीन तुमच्याच नावावर असू द्या, सध्या आम्हाला दोन कार्यकर्त्यांचा तीन वर्षांचा पगार आणि बसस्टँडजवळच्या खोलीचं भाडं द्या. काही जण नाराज होऊन निघून जातील. जो थांबेल त्याला पहिल्या महिन्याच्या गृहभेटींना सोबत न्या.