फोल्डस्कोप घेतला, पवईच्या पाण्यावर वापरून बघितला

मुलीसाठी घेतला होता पण आता मीच सोडत नाहीये 😊 कागदाची घडी घालून बनवायचा मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या टीमने काढलेला, १४० पट मोठं दिसतं. जोडायला आम्हाला अर्धा तास गेला, फोकस जमायला दोन दिवस, तेवढा धीर धरा.

रविवारी पवई तलावाच्या काठावरून जलपर्णीच्या मुळाशी असलेलं पाणी बाटलीत आणलं, एक थेंब स्लाइडवर ठेवला, मोबाईलचा कॅमेरा लावला आणि स्पायरोगायरा या शेवाळाच्या धाग्यात स्प्रिंगसारखी गुंडाळलेली हिरवी पट्टी दिसली, मग एक रोटिफर, म्हणजे पाण्यातला सूक्ष्म जीव आला, तोंडाशी चाकं फिरल्यासारखं करत, लेक किंचाळलीच!

सोबत पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस पेनपण मागवला, तो पहिल्याच आठवड्यात बंद पडला, दुकानदाराने बदलून दिला नाही, फार वाईट वाटलं. आणि एक लक्षात ठेवा, टीडीएस म्हणजे फक्त विरघळलेले क्षार, पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण आकडा कमी आला म्हणून पाणी शुद्ध असं अजिबात नाही, सांडपाण्यातले जंतू त्यात कळत नाहीत. तलावाचं पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवाच.

फोल्डस्कोप नक्की घ्या.